जितके खाली गेले, तितके वर आले

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. माझ्या ताईनेही तसं कधी कुणाला म्हटलं नाही. पण तिने मला हे सगळं इतक्यांदा सांगितलंय, आणि दरवेळी एक शब्दही इकडचा तिकडे झालेला नाही. खोटं बोलणाऱ्याला हे जमत नाही. खोटं दरवेळी थोडं फुगतं.

आणि हो, ही अमावस्येच्या रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. लख्ख ऊन पडलेलं होतं.

त्याचाच जास्त त्रास होतो.

ताई, तिचा नवरा आणि सासूबाई असे तिघं गाडी काढून निघाले होते. ठरलेलं असं काही नव्हतं. जुन्या सोन्याच्या खाणींचा तो सगळा पट्टा, तिथून रमतगमत जायचं, वाटेल तिथे थांबायचं, अंधार पडायच्या आत कुठेतरी खोली बघायची. माझी भाची शाळेमुळे माझ्याकडे राहिली होती.

भावोजींचं चष्म्याचं दुकान. दिवसभर काचा घासायच्या आणि लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून बघायची. त्यामुळे मोठं, गंजलेलं, अवाढव्य यंत्र दिसलं की हा माणूस लहान मुलासारखा खुळावायचा. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये. आणि सासूबाईंनी उभं आयुष्य शिलाई मशीनवर काढलेलं. नवरा लवकर गेला, एका खोलीच्या घरात लोकांचे कपडे शिवून त्यांनी हा एकुलता एक मुलगा वाढवला. आयुष्यात पहिल्यांदाच अशा हिंडायला निघाल्या होत्या. त्यांचे गुडघे कुरकुरत होते, पण त्या स्वतः अजिबात नाही.

त्या मुलाला ‘सोन्या’ म्हणायच्या. चाळिशीच्या, टक्कल पडलेल्या माणसाला.

“सोन्याच्या खाणी बघायला चाललोय आणि अंगावर सोनं गुंजभर नाही,” असं त्या गाडीत म्हणाल्या. मग मुलाच्या टकलावर टपली मारून म्हणाल्या, “एवढंच काय ते माझं सोनं. तेही घासून घासून गुळगुळीत झालंय.”

ताई सांगते, त्या दिवशी सकाळपासून तिघं असेच हसत होते.

तो मुलूख विचित्रच होता. सरळसोट रस्ता, आणि दोन्ही बाजूंना पिवळट पांढऱ्या टेकड्या. त्या टेकड्या खऱ्या नव्हेत. खाणीतून दगड काढायचा, दळायचा, सोनं काढून घ्यायचं आणि उरलेला भुगा बाहेर टाकायचा. वर्षानुवर्षं टाकलेल्या त्या भुग्याचे डोंगर झालेले. त्यांच्यावर गवताची काडीसुद्धा उगवत नव्हती. मधूनच कामगारांच्या पत्र्याच्या घरांच्या रांगा. बरीचशी बंद. एक बेकरी, एक दवाखाना, बिलियर्डचं टेबल खिडकीतून दिसणारा एक बंद क्लब. आणि सगळ्यांच्या डोक्यावर ते उंच लोखंडी मनोरे. मनोऱ्याच्या टोकाला चाक, त्या चाकावरून दोर खाली जायचा आणि त्या दोराने माणसं.

जेवण झाल्यावर ते अशाच एका मनोऱ्यापाशी थांबले.

आवाराला कुंपण होतं. फाटकावर एक राखणदार, बुटका, मफलर गुंडाळलेला. त्याने आत सोडलं. बघण्यासारखं फारसं काही नाही म्हणाला. खाणीचं तोंड सिमेंटने बुजवून कित्येक वर्षं झाली होती. खोलीएवढी मोठी सिमेंटची लादी, आणि तिच्यातून वर आलेला एक लोखंडी पाइप. कमरेएवढा. वरचं टोक वाकवून खाली वळवलेलं, जाळी लावलेली. खाली साठणारी हवा बाहेर पडावी म्हणून.

समोर विटांची एक जुनी इमारत होती. दोर गुंडाळणारं यंत्र तिच्यात होतं. तिला एकच दार, आणि खिडक्यांना जाड गज.

सासूबाई सावलीत बाकावर बसल्या. ताईने थर्मास उघडला. भावोजींना धीर कुठला.

“आलोच,” म्हणाले, आणि त्या दारातून आत गेले.

दार बाकाच्या अगदी समोर होतं. ताईला आतून त्यांची शीळ ऐकू येत होती. ते नेहमी वाजवतात तशी, अर्धी सुरात, अर्धी बेसूर.

तिने तीन पेल्यांत कॉफी ओतली. सासूबाईंना एक दिला.

आणि…

शीळ थांबली.

ताईला तेव्हा काहीच वाटलं नाही. माणूस शीळ वाजवायची थांबतो, त्यात काय. तिने आपली कॉफी संपवली. त्यांची निवत चालली म्हणून हाक मारली.

उत्तर नाही.

ती उठून दारापाशी गेली. आत मधोमध ते यंत्र होतं. घराएवढा लोखंडी ढोल. गजांमधून उन्हाचे पट्टे आत पडले होते. धूळ तरंगत होती. ढोलाच्या कडेला, काळ्या चिकट धुळीत, पाच बोटांचा ताजा ठसा होता. त्यांनी हात लावून बघितला असणार.

पण ते नव्हते.

ताई ढोलाच्या मागे गेली. खाली वाकून बघितलं. खिडक्यांचे गज एकेक करून हलवून बघितले. दुसरं दार नव्हतं. माळा नव्हता. तळघर नव्हतं.

आधी तिला वाटलं, लपून गंमत करताहेत. ती रागावली. मग तिने जोरात हाका मारल्या. मग ती रागवायची विसरली.

जे एकच दार होतं, त्याच्याकडेच तोंड करून ती बसली होती. ते बाहेर आले असते तर तिला दिसलेच असते.

राखणदार धावत आला. फाटकातून कुणी गेलं नाही, हे तो शपथेवर सांगत होता. भावोजींचा फोन गाडीत चार्जिंगला लावलेला. गाडीची चावी ताईच्या पर्समध्ये.

पोलीस आले. दोघं होते. त्यांनी इमारत बघितली, आवार बघितलं, मागच्या टेकडीवर चढून आले. मग वयाने मोठा होता त्याने ताईला बाजूला घेऊन नको ते विचारायला सुरुवात केली. भांडण झालं होतं का, धंद्यात काही अडचण, दुसरं कुणी. ताई हात जोडून सांगत होती की तो आलोच म्हणाला, कॉफी ओतलेली आहे, तो पेला बघा, अजून तसाच आहे. तो माणूस वाईट नव्हता. पण पुरुष असे जातात आणि दोन दिवसांनी येतात, हे त्याने आयुष्यभर बघितलेलं होतं. तो ताईकडे त्याच नजरेने बघत होता.

ऊन उतरलं. राखणदाराने इमारतीला बाहेरून कुलूप घातलं. आवार बंद करायची वेळ झाली होती.

सासूबाई तोवर बाकावरच होत्या. फक्त मध्येमध्ये हाक मारत होत्या. “सोन्या… ए सोन्या…” कुंपणाबाहेर दोन बायका येऊन उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली की सोन्यासाठी वेडी झालेली आणखी एक. ताईला ते ऐकू आलं. ती त्या बाईच्या अंगावर धावून गेली असती, पण सासूबाईंना सोडून जाववेना.

निघायचं म्हणून सासूबाई उठल्या. गुडघा लचकला. त्यांनी आधारासाठी पाइपावर हात ठेवला…

आणि तशाच उभ्या राहिल्या.

ताईला वाटलं, त्यांना चक्कर आली. ती धरायला गेली तर त्यांनी हाताने थांबवलं. मग कान जाळीला लावला.

ताईनेही लावला.

खालून थंड, ओलसर वास येत होता. बंद टाकीसारखा. बाकी काही नाही. आणि मग…

टक टक. …टक.

खूप खोलवरून. लोखंडावर लोखंड.

टक टक. …टक.

सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते ताईला आजही नीट सांगता येत नाही. भीती नव्हती. उलटं काहीतरी होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. भावोजी लहान असताना त्या मध्यरात्रीपर्यंत शिवत बसायच्या. खोलीत मध्ये फळ्यांचं पार्टिशन होतं. पलीकडे मुलगा झोपायचा. मशीनच्या आवाजाची त्याला इतकी सवय, की मशीन थांबलं की तो दचकून जागा व्हायचा. मग पार्टिशनवर टकटक करायचा. दोन जवळजवळ, मग थांबून एक. ‘आई, आहेस का?’ आणि त्या कात्रीने एकदा वाजवायच्या. ‘आहे.’ मग तो झोपायचा.

हे दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. ताईलाही नाही.

सासूबाईंनी थर्मासचं स्टीलचं झाकण घेतलं आणि पाइपावर एकदा वाजवलं.

टक.

खाली शांतता.

मग लगेच, घाईघाईने, पुन्हा पुन्हा… टक टक, टक. टक टक, टक. टक टक, टक.

ताई पोलिसांच्या पाया पडली. खरोखर पडली. तो खाली आहे, लादी फोडा. मोठ्या पोलिसाने कान लावला. त्याला ऐकू आलं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. पण तो म्हणाला की ही लादी फोडणं त्याच्या हातात नाही. वरून हुकूम लागतो, इंजिनियर लागतो. आणि खाली माणूस असूच शकत नाही. खाण बंद झाली तेव्हाच पाण्याने भरली. वरपासून खालपर्यंत.

“मग हे कोण वाजवतंय?” ताईने विचारलं.

तो सरळ जीपमध्ये जाऊन बसला.

ताईने गाडीतून जॅकचा दांडा आणला आणि लादीवर घाव घालायला लागली. रक्ताच्या बाटल्या हळुवार हाताने हाताळणारी माझी ताई. तळहात सोलून निघाले, दांडा रक्ताने निसटायला लागला, लादीचा टवकासुद्धा उडाला नाही. ती फोनवर मला काय बोलली ते मला नीट कळलंच नाही. एवढंच कळलं की तो खाली आहे आणि कुणी काढत नाही. मी गाडी काढतो म्हटलं. कितीही हाकली तरी पोहोचायला पुढचा दिवस मावळला असता.

रात्रभर त्या दोघी लादीवर होत्या. राखणदाराने त्यांना हाकललं नाही. एक कांबळं आणून दिलं आणि लांब जाऊन बसला. खालून विचारणं आलं की सासूबाई उत्तर द्यायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. ताई सिमेंटला गाल लावून पडली होती. ती खाली बोलत होती. थांब, उजाडलं की लोक आणते, थांब.

उजाडलं.

आणि कुणीतरी दार वाजवलं.

पाइपातून नव्हे. समोरच्या इमारतीचं दार. कुलूप घातलेलं. आतून धपाधप थापा पडत होत्या.

“अरे, कडी कुणी लावली बाहेरून?”

भावोजींचा आवाज.

राखणदाराने दोनदा भलतीच किल्ली लावली. दार उघडलं. भावोजी बाहेर आले. वैतागलेले. एका हाताची बोटं काळी, ती रुमालाला पुसत होते. दाढी वाढलेली नव्हती. शर्ट चुरगळलेला नव्हता. उन्हाकडे बघून त्यांनी डोळे बारीक केले.

“माझी कॉफी गार केलीत ना,” म्हणाले.

मग त्यांना ताईचे हात दिसले, आणि त्यांचा चेहरा उतरला. हे काय, कुणी केलं, काय झालं. ताईने त्यांना मिठी मारली. ती सांगते, त्यांच्या अंगाला त्यांचाच वास येत होता. साबणाचा आणि चष्मा पुसायच्या त्या पाण्याचा. ती हुंदके देऊन रडली. राखणदार रडला. रात्रभर फाटकाशीच उभ्या असलेल्या जीपमधून मोठा पोलीस उतरून आला आणि डोक्यावरची टोपी काढून नुसता बघत राहिला.

सासूबाई हळूहळू उठल्या. लंगडत आल्या. त्यांनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

“सोन्या,” म्हणाल्या.

“अगं आई, काय झालंय तुम्हाला सगळ्यांना?”

आणि तेव्हाच…

मागून, पाइपातून…

टक टक. …टक.

ताईने ऐकलं. राखणदाराने ऐकलं. पोलिसाने मान वळवली.

सासूबाईंचे हात मुलाच्या चेहऱ्यावरून खाली आले.

भावोजींनी काहीच ऐकलं नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. पुन्हा टकटक झाली, आता अगदी स्पष्ट. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

सासूबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, “लहानपणी मला हाक मारायचास ना, तशी वाजव.”

ते हसले. आत्ता कुठे आठवलं तुला, म्हणाले. आणि बाकाच्या फळीवर बोटांच्या पेरांनी वाजवलं. दोन जवळजवळ, मग थांबून एक.

बरोबर. अगदी बरोबर.

ताईला वाटलं, संपलं. सुटलो.

पण तेवढ्यात खालून तेच आलं. जोरात. मग आणखी जोरात. कुणीतरी जिवाच्या आकांताने लोखंड बडवावं तसं. आपलं कुणी ऐकत नाहीये असं कळल्यासारखं…

सासूबाई वळल्या. मुलाकडे पाठ करून पाइपापाशी गेल्या. झाकण उचललं आणि एकदाच वाजवलं.

टक.

खालचा आवाज शांत झाला.

त्या तिथेच बसल्या. मी येणार नाही म्हणाल्या.

दुपारी राखणदाराने ताईला त्याच्या खोपटात बसवून चहा दिला आणि मग तोंड उघडलं. त्याचे वडील या खाणीत होते. फार वर्षांपूर्वी खाली मोठी दरड कोसळली होती. दिवसभर कुणाचा पत्ता नाही. बायका याच तोंडापाशी जमलेल्या. दुसऱ्या दिवशी पिंजरा वर आला, आणि त्यात सगळे होते. धडधाकट, एक ओरखडासुद्धा नाही. जितके खाली गेले, तितके वर आले. लोकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

आणि खालून ठोकायचे आवाज सुरूच राहिले.

मालकांनी माणसं पुन्हा पुन्हा मोजली. कमी कुणीच नव्हतं. मग खाणच बंद केली आणि तोंड बुजवलं.

ताईने विचारलं, वर आलेल्यांचं पुढे काय झालं.

राखणदाराने आपला कप विसळून पालथा घातला. मग म्हणाला की काही झालं नाही. संसार केले. मुलं वाढवली. त्याचे वडीलही त्यातलेच, फार मायाळू माणूस होता. फक्त त्याची आई रोज संध्याकाळी इथे येऊन बसायची. मरेपर्यंत.

“ती वडिलांना काय म्हणायची?” ताईने विचारलं.

“काही नाही. नीट वागायची. पण त्यांच्याकडे बघायची नाही.”

भाचीला शेजाऱ्यांकडे ठेवून मी पोहोचलो, तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी स्वतः बघितलंय, म्हणून सांगतो. भावोजी लादीच्या कडेला उकिडवे बसून आईची विनवणी करत होते. आई, माझ्याकडे बघ. आई, मी काय केलंय ते तरी सांग. सासूबाई पाइपाला कान लावून बसलेल्या. भावोजींनी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो झिडकारला नाही. नुसता ढिला सोडला. परक्याने धरल्यासारखा.

मी कान लावला का?

लावला. एवढंच सांगतो.

आम्ही तिथल्या लॉजवर चारपाच दिवस काढले. सासूबाईंना उचलून गाडीत घालायचंही ठरवलं होतं. पण नुसतं जवळ गेलो तरी त्या असं काही ओरडायच्या, की मीच मागे सरायचो. शेवटी ताईने निर्णय घेतला. घरी मुलगी होती. सासूबाईंना तिथेच पत्र्याच्या घरांच्या रांगेत एक खोली बघून दिली. थोडे दिवस राहू दे, मन शांत होईल, मग घेऊन जाऊ.

निघताना ताई गाडीत बसली आणि दार लावताना तिच्या मनात आलं… आपण नक्की कुणाला सोडून चाललोय?

ते तिच्या मनातून कधीच गेलं नाही.

थोड्या दिवसांची वर्षं झाली. सासूबाईंनी तिथे एक जुनी मशीन मिळवली. दवाखान्याचे पडदे शिवतात, शाळेचे गणवेश शिवतात. सकाळ-संध्याकाळ लादीवर जाऊन बसतात. ताई फोन करते. बोलता बोलता मध्येच त्या थांबतात, पलीकडे एक टक ऐकू येतं, मग बोलणं पुढे सुरू. फोनसुद्धा त्या तिथूनच घेतात.

आणि भावोजी?

भावोजी पहिल्यासारखेच आहेत. दुकान, काचा, बेसूर शीळ. मुलीचा अभ्यास घेतात. जुनी एकेक गोष्ट त्यांना आठवते, ताई विसरलेली असते तीही. एकदा ताईने न राहवून त्यांचं रक्त तपासायचं ठरवलं. कसं विचारावं कळेना. त्यांनी स्वतःच बाही वर केली.

“घे. मलाही बघायचंय,” म्हणाले.

ताईने लॅबमध्ये स्वतः तपासलं. त्या सहलीआधीच्या रिपोर्टशी ताडून बघितलं. सगळं तेच. सगळं नॉर्मल. तो कागद हातात धरून ती लॅबच्या बाथरूममध्ये बसून रडली. काय निघालं असतं तर बरं वाटलं असतं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

भावोजी रोज रात्री आईला फोन लावतात. त्यांचा आवाज ऐकला की पलीकडून फोन ठेवला जातो. मग ते फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ बसतात. ताई म्हणते, हा माणूस जर खरा असेल, तर आम्ही त्याच्या आईला त्याच्यापासून तोडलं. आणि खरा नसेल तर…

एकदा ती सासूबाईंवर चिडली. एकदा या, एकदा त्याच्या डोक्यावर हात ठेवा, तो झुरतोय, म्हणाली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“बाळा, तुझा नवरा आहे, तू त्याच्याजवळ राहा. मी काही म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण खालचा मला विचारतोय, आहेस का. मी नाही कशी म्हणू?”

या आठवड्यात राखणदाराचा फोन आला. सासूबाई पडल्या. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दवाखान्यात ठेवलंय. एकच शब्द सारखा पुटपुटताहेत, ‘आहे’. पुढचं सांगायला राखणदाराने आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. दोन दिवस झाले, लादीवर कुणी गेलेलं नाही. आणि आवाज आता आवारातच राहत नाहीये. बेकरीपर्यंत ऐकू येतोय.

ताईने काल पहाटे बॅग भरली. सासूबाईंना घेऊन येते म्हणाली. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली. मुलीला आणि यांना तुझ्याकडे ठेवते, तेवढं बघ. तिने भावोजींचा निरोप घेतला तेव्हा मी तिथेच होतो. तिने त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. त्यांनी तिला अडवलं नाही. थर्मास भरून दिला.

आज दुपारी ताईचा फोन आला. पोहोचले म्हणाली. सासूबाई शुद्धीवर आहेत. इंजिनियरला भेटणार आहे, लादीसाठी अर्ज करणार आहे, या वेळी सोडणार नाही. परत कधी येतेस, असं मी विचारलं. ती काहीतरी बोलणार होती. मग मध्येच थांबली.

पलीकडून मला ऐकू आलं. एकदाच.

टक.

मी फोन ठेवला आणि वळलो. दारात भावोजी उभे होते. कधीपासून होते कोण जाणे. भाची आत टीव्ही बघत होती. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, येईल ताई लवकर.

ते माझ्या समोर येऊन बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मग अगदी साध्या आवाजात, मान वर न करता म्हणाले,

“सगळ्यांनी मला विचारलं, तू कुठे गेला होतास. इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नाही, की तू आलास कुठून.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्यांनी चष्मा घातला. माझ्या विचारण्याची थोडा वेळ वाट बघितली. खरंच वाट बघितली, मला दिसत होतं.

मी विचारलं नाही.

आता ते आत भाचीचा अभ्यास घेताहेत. शीळ ऐकू येतेय. अर्धी सुरात, अर्धी बेसूर. ती चालू आहे तोवर मी इथे बसून हे लिहून काढतोय.